सातबावच्या व्हाळाचे तोंड कोणी फोडले

पुरवणी जबाब. दिनांक १९ जून २००६, सोमवार. सुरुवात सकाळी ११.४० वाजता.

नाव गुरुदास नारायण साळसकर, वय ५२ वर्षे, धंदा छापखाना व साप्ताहिकाचे संपादन, राहणार खालची पेठ, उद्यानाच्या पाठीमागे, सातबाव बंदर, जिल्हा सिंधुदुर्ग.

मी कोणी बोलावले नसताना, आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सांगतो की,

आधी एक तक्रार नोंदवून घ्यावी. या ठाण्यात टेबलफॅन एकच असून तो फायलींच्या कपाटाकडे वळलेला आहे. मी पंचावन्न मिनिटे बाकावर बसलो असता त्या वेळात सन १९९८ पासूनच्या फायलींना अखंड वारा मिळाला व समोर बसलेल्या नागरिकास मिळाला नाही. फायलींपैकी एकीलाही घाम आल्याचे मला दिसले नाही. जबाब लिहून घेणारे हवालदार श्री. गंगाराम धुरी यांना मी कारण विचारले. ते म्हणाले, "थयसून हलयलो तर बंद पडता." ही बाब जबाबात बसत नाही, असेही ते म्हणाले. मी म्हटले, बसवा. कारण पुढे जे सांगायचे आहे त्यापेक्षा पंख्याबद्दल बोलणे मला सोपे जाते.

दिनांक १० जून रोजी मी याच ठाण्यात फिर्याद दिली. तीत असे लिहिले आहे की, लवू धोंडू तारी, वय ५८, धंदा मासेमारी, व त्यांची मुलगी कुमारी सलोनी, वय २३, या दोघांनी ७ जून रोजी कोणाचीही परवानगी न घेता व्हाळाचे तोंड फोडले आणि त्यामुळे उद्यानातील सार्वजनिक कामाचे मोठे नुकसान झाले. या वाक्यातील नावे, वये व तारीख बरोबर आहेत. "कोणाचीही परवानगी न घेता" हे खोटे आहे. परवानगी मी दिली होती. परवानगी हा शब्दही तितकासा बरोबर नाही. मी ओरडून सांगितले होते.

हवालदारांनी येथे लेखणी थांबवली व मला समज दिली की, "भाऊ, ह्या लिवलंय तर तुमच्यार येतला." मी म्हटले, लिवा.

सदर व्हाळ, म्हणजे ओढा, खालच्या पेठेतून येऊन उद्यानातून जातो व पुढे सुमारे दोनशे मीटरवर समुद्राला मिळतो. दिवाळीनंतर त्याचे पाणी आटत जाते आणि समुद्र त्याच्या तोंडावर वाळूचा बांध घालतो. पाऊस लागला की हा बांध माणसाने फोडावा लागतो, नाहीतर पाणी पाठी फुगून पेठेत शिरते. फोडण्याचे काम पूर्वीपासून तारींच्या घराकडे आहे. त्यांची पद्धत अशी की, पाणी गुडघ्याएवढे असतानाच, ओहोटी लागली की वाळूत वीतभर रुंदीचा चर पाडायचा आणि बाजूला जाऊन बसायचे. पुढचे काम व्हाळ आपले आपण करतो. फावडे कोणीही मारील, दिवस ओळखता आला पाहिजे, असे लवूचे म्हणणे असते.

उद्यानातील व्हाळाचा काठ कित्येक वर्षे ढासळत होता. सन २००३ च्या पावसात झोपाळ्याचा एक खांब अधांतरी लोंबू लागला. मी माझ्या साप्ताहिकात त्यावर इतके तिखट लिहिले की शिक्षा म्हणून मलाच उद्यान समितीचा अध्यक्ष करण्यात आले. नंतरच्या दोन वर्षांत समितीने जे काम केले ते चांगले होते, एवढे मला सांगू द्यावे. ट्रॅक्टरच्या अकरा फेऱ्या कचरा निघाला. सिमेंटची भिंत घालायची नाही असे ठरले. ते लवूने सुचवले होते, ठरावावर सूचक म्हणून माझे नाव आहे. पाण्याचा जोर मोडावा म्हणून पात्रात जांभ्या दगडाच्या पायऱ्या केल्या. उभा कापलेला काठ उतरता केला आणि गेल्या पावसानंतर त्यावर वाळ्याची साडेचार हजार रोपे लावली. ती कसालच्या एका रोपवाटिकेतून आणली. वाळ्याचे मूळ खोल जाऊन माती धरून ठेवते, मात्र त्याला एक पावसाळा द्यावा लागतो. रोपे पेठेतील बायकांनी लावली. लवूची बायको सुगंधा ही मासळी विकून आल्यावर टोपली धुऊन ठेवून रोज दोन तास तेथे असे. या मार्चमध्ये व्हाळात कुर्ल्या (खेकडे) परत दिसू लागल्या. मी अग्रलेख लिहिला. त्या माझ्यामुळे आल्या असा त्याचा एकंदर सूर होता.

कामाचे लोकार्पण ५ जून रोजी, पर्यावरण दिनी ठेवले होते. मुंबईहून पाहुणे येणार होते व त्यांच्या हस्ते व्हाळाचे तोंड फोडायचे होते. त्यासाठी नवीन फावडे आणून त्याला चंदेरी रंग दिला होता. ३ जूनला निरोप आला की पाहुण्यांना शुक्रवार ९ जून सोयीचा आहे. समितीने तातडीने ठराव केला की, तोपर्यंत तोंड फोडू नये. मसुदा माझा होता. भाषा चांगली उतरली होती.

पाऊस त्याआधीच चार दिवस लागला होता.

रविवार दिनांक ४ जून रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास लवू माझ्या घरी आला. आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

तो म्हणाला, "भाऊनू, सकाळी ओहोटीक तोंड फोडूक व्हया. पाणी गुडघ्याएवढा आसा. आता फोडला तर गुमान जातला."

मी म्हणालो, "लवू, कार्यक्रम शुक्रवारी आहे."

"पाव्हणे शुक्रवारी येतले, ह्या पाण्याक कोणी सांगितल्यान?"

"समितीचा तसा ठराव झालेला आहे."

"बरा तर. ठराव व्हाळाक वाचून दाखवा."

लवू व मी एका शाळेत होतो. तो मला मान देतो, मी त्याला अरेतुरे करतो, पण बोलतो ते मालवणीतच. मी मालवणी सोडून पुस्तकी बोलू लागलो की समोरच्याने जावे असा त्याचा अर्थ असतो, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. तो पायरीवर उभा होता. मी बस म्हटले नाही. तो गेला.

बुधवार दिनांक ७ जून रोजी सकाळी साडेनऊ वाजता व्हाळाचे पाणी माझ्या घरात शिरले. चार बोटे होते. छापखान्याच्या खोलीत खालच्या फळीवर साप्ताहिकाचे १९८४ पासूनचे बांधीव अंक होते, ते मी उचलू लागलो. शेजारच्या घरात आठ दिवसांची बाळंतीण होती. तिला खाटेसकट उचलून देवळात नेले, असे मला नंतर समजले. नेणाऱ्यांनी मला दोनदा हाक मारली होती, असेही समजले. हाक मी ऐकली होती.

अंक माळ्यावर चढवून झाल्यावर मी वाळूवर धावत गेलो. वेळ दहा वाजून गेलेली. लवू आणि सलोनी फावडी घेऊन बांधाच्या आतल्या कडेला व्हाळात उभी होती. पाणी लवूच्या कमरेला लागत होते. ओहोटी लागली होती. लवू म्हणाला, "भाऊनू, आता एकदम फोडला तर व्हाळ काठ घेऊन जातलो. मी कडेक बारीक चर काढतंय. दोन ओहोटींत उतरतला. रातीपर्यंत कळ काढा."

मी म्हणालो, "माझ्या घरात पाणी इला हा. फोड! आत्ताच्या आत्ता फोड!"

सलोनी म्हणाली, "काका, वाळो अजून लागूक नाय. सगळो जातलो."

त्यावर मी जे बोललो ते हवालदारांनी दोनदा विचारले. ते असे: "तू नर्स मा? मग माणसांचा बघ. व्हाळाचा माका शिकवू नको."

तिने बापाकडे पाहिले. लवूने माझ्याकडे पाहिले व मधोमध फावडे मारले. अध्यक्षाचा शब्द म्हणून मारले, की शाळेतल्या सोबत्याचा म्हणून, हे मी विचारलेले नाही. त्या वेळी तेथे चौथे माणूस कोणी होते काय, असे विचारता सांगतो की, नव्हते. म्हणूनच दहा तारखेची फिर्याद शक्य झाली.

तोंड सव्वादहाला फुटले. अकराच्या आत माझे घर मोकळे झाले. त्याच सुमारास उद्यानात झोपाळ्याकडचा काठ बसला व तेथून खाली बावीस मीटर काठ, दगडाच्या तीन पायऱ्या, वाळ्याची अंदाजे बाराशे रोपे, एक बाक आणि कोनशिला एवढे वाहून गेले. कोनशिलेवर पाहुण्यांचे नाव मोठ्या अक्षरांत व माझे मध्यम अक्षरांत होते. ती मिळालेली नाही. कोणी शोधतही नाही.

लवू, सुगंधा व सलोनी या तिघांनी त्यानंतर दुपारपर्यंत पाण्यात उभे राहून तीनेकशे रोपे काढून केळीच्या सोपटात गुंडाळून ठेवली. हे मी पाहिलेले नाही. मी पडवीत अंक वाळत घालत होतो.

शुक्रवार ९ जून रोजी पाहुणे आले. छत्रीखाली उभे राहून त्यांनी काठ पाहिला व विचारले, "हे कोणी केलं?" समितीचे सभासद जमिनीकडे पाहू लागले. माझ्या हातात चंदेरी फावडे होते. मी लवू तारी हे नाव सांगितले. पुढे अडाणी हा शब्दही मी वापरला. पाहुणे म्हणाले, तक्रार द्या, आणि मोटारीत बसले. कार्यक्रम एकूण सात मिनिटे चालला. दुसऱ्या दिवशी मी तक्रार दिली.

१६ जूनच्या अंकात मी माझ्या सदरात "फावडेबहाद्दर" या मथळ्याखाली लवूवर लिहिले. लोक हसले. सदर वाचून लोक हसले की मला बरे वाटते, हे मी येथे मान्य करतो. मासळी बाजारात कोणीतरी तो मजकूर सुगंधाला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला व त्याच कागदात गिऱ्हाइकाला बांगडे बांधून दिले, असे समजते.

दरम्यान १२ जून रोजी लवू व सलोनी यांना या ठाण्यात बोलावण्यात आले व सकाळी दहा ते सायंकाळी पाच बसवून ठेवण्यात आले. मी आज बसलो त्याच बाकावर. त्यांनी पंख्याची तक्रार केली होती काय, असे मी हवालदारांना विचारले. नाही, असे ते म्हणाले.

शनिवार १७ जून रोजी सकाळी दहाच्या सुमारास या ठाण्याचे एक शिपाई माझ्या घरी एक अर्ज घेऊन आले. सलोनीला मस्कतमधील रुग्णालयात नर्सची नोकरी मिळाली असून १५ जुलैपर्यंत हजर व्हायचे आहे. पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी चालू आहे. अर्जात ओळख देणाऱ्या दोन स्थानिक प्रतिष्ठित व्यक्तींची नावे लागतात. पहिले नाव माझे होते. तिने ते एप्रिलमध्ये लिहिले होते. शिपाई म्हणाले की, अर्जदारावर गुन्हा नोंद असल्याने शेरा प्रतिकूल जाणार हे ठरलेलेच आहे, तरी रीतीप्रमाणे विचारतो, मुलगी चांगल्या वर्तणुकीची आहे काय? फिर्यादीचे नाव त्यांनी वाचलेले नसावे, किंवा वाचले असूनही ते सभ्य असावेत.

मी त्यांना सांगितले की, माझा चष्मा सापडत नाही, सोमवारी या. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. ते बरे म्हणून गेले.

त्याच दिवशी सायंकाळी मी लवूच्या घरी गेलो. जाण्याचा हेतू विचारता सांगतो की, फिर्याद मागे घेण्याचा नव्हता. सलोनीने अर्जावर माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाचे नाव घालावे, एवढेच सांगण्याचा होता.

सुगंधा ओट्यावर विळी धूत होती. मला पाहून ती आत ओरडली, "चाय ठेव गो सलोनी, अध्यक्ष इले."

मी सलोनीला नावाचे सांगितले. ती म्हणाली, "काका, नाव बदलूचा तर नवीन अर्ज करूचो लागता. तितके दिस नायत. आनी दुसऱ्या कोणाचा घालू? दहावीक माझो फोटो तुमीच छापलात."

सुगंधा म्हणाली, "फोटो छापणारो तोच, ओळख देणारो तोच, फिर्याद देणारो तोच. एका माणसाक किती गो धंदे!"

सलोनी म्हणाली, "आये, गप रव."

लवू जाळे शिवत होता. मी उठलो तेव्हा त्याने विचारले, "भाऊनू, अंक सुकले?"

हा प्रश्न त्याने टोमणा म्हणून केला होता काय, असे हवालदारांनी विचारले. नाही. टोमणा मला ओळखता येतो, तो माझा धंदा आहे. अंक सुकले की नाही हेच त्याला हवे होते. मी सुकले म्हणालो. चहा मी अर्धा ठेवला.

रविवारी मी कोणाला भेटलो नाही.

सबब माझे आज म्हणणे असे की, ७ जून रोजी व्हाळाचे तोंड माझ्या सांगण्यावरून फोडण्यात आले. ४ जूनला ते फोडू दिले असते तर काठ गेला नसता. तेव्हा अडवणाराही मीच. लवू धोंडू तारी यांनी दोन्ही वेळा मला योग्य तेच सांगितले होते. सलोनी हिने एकदा सांगितले व त्याबद्दल माझी बोलणी खाल्ली. दोघांचा गुन्हा नाही. दहा तारखेची फिर्याद मी खोटी दिली. ती कोणाच्या दबावाखाली दिली काय, असे विचारता सांगतो की, नाही, पाहुण्यांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून दिली. खोट्या फिर्यादीबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते हे मला समजावून सांगण्यात आले व समजले. येत्या शुक्रवारच्या अंकात हाच मजकूर पहिल्या पानावर, सदराच्या बाहेर, विनोद न करता येईल. विनोद न करता लिहिण्याचा मला सराव नाही, तेव्हा काही शब्द हवालदारांनी सुचवावेत अशी विनंती केली. त्यांनी सुचवले नाहीत.

शिपायांनी शनिवारी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथेच लिहून घ्यावे व ते तिच्या अर्जास जोडून आजच पाठवावे. कुमारी सलोनी लवू तारी हिला मी तिच्या जन्मापासून, तेवीस वर्षे ओळखतो. वर्तणूक उत्तम. ओळख देणाऱ्याच्या वर्तणुकीसाठी त्या अर्जात रकाना नाही, तो नसणे या प्रकरणात तिच्या सोयीचे आहे.

आणखी काही सांगायचे आहे काय, असे विचारता सांगतो की, गुन्ह्याशी संबंध नाही, पण वेळेचा हिशोब लागावा म्हणून सांगतो. व्हाळाच्या कामाला पेठेत घरटी एक माणूस एक दिवस देतो. या वर्षी आमच्या घरचे कोणी गेले नव्हते. अध्यक्षाचे भाषण त्यात धरतात असा माझा समज होता. गेलेला काठ परत बांधण्याचे काम सध्या तारी मंडळी व पेठेतील बायका करत आहेत. आज सकाळी साडेसहाला मी तेथे गेलो व साडेदहापर्यंत दगड वाहिले. पहिला दगड मी ठेवला तेव्हा सुगंधा म्हणाली, "थय नको. हय." त्यापुढे चार तासांत ती माझ्याशी तेवढीच दोन वाक्ये बोलत होती, आलटून पालटून. वाळ्याची काढून ठेवलेली रोपे लवू स्वतः लावत होता. मी ठाण्यात जाऊन येतो म्हटल्यावर सुगंधाने सूर्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अर्धो दिस झालो."

हा जबाब हवालदार धुरी यांनी मला मोठ्याने, थांबत थांबत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. दहा तारखेचाही असाच वाचून दाखवला होता व तोही बरोबर असल्याचे मी लिहून दिले होते. म्हणून आज दुसऱ्यांदा वाचून घेतला व मग सही केली. संपला दुपारी १.२५ वाजता. येथून मी घरी न जाता व्हाळावर जात आहे. आमच्या घरचा अर्धा दिवस बाकी आहे, तो आज अंधार पडायच्या आत भरतो.

सही
गुरुदास नारायण साळसकर

समक्ष
गंगाराम धुरी, पोलीस हवालदार